यादी तोंडपाठ, वाक्यात मात्र घोळ: प्रेपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन कशा क्रमाने शिकवावेत?

विश्रामबाग_शिकवणी (सांगली)

आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. रोज चाळीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस. पुढचे चार आठवडे फक्त प्रेपोझिशन (इन, ऑन, ॲट), कंजंक्शन (बट, बिकॉज) आणि इंटरजेक्शन (ओह, वॉव) घ्यायचं ठरवलंय. व्याख्या सगळ्यांना येतात, प्रेपोझिशनची यादी घडाघडा म्हणतात. स्वतःचं वाक्य लिहायला सांगितलं की असलं काहीतरी वहीत उतरतं:

१. आय ॲम लिव्हिंग इन सांगली सिन्स फाइव्ह इयर्स.
२. माय फादर इज अँग्री ऑन मी.
३. वुई रीच्ड टू सातारा ॲट इव्हनिंग.
४. ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम टू स्कूल.
५. वेट हिअर अनटिल आय डोंट कम.

‘लहान गावाला ॲट, मोठ्या गावाला इन’ हा नियम सांगून झालाय, त्यानेही गोंधळ कमी होत नाही. तिन्ही प्रकारांना किती किती वेळ द्यावा? सुरुवात कुठून करावी? आणि खरंच आलंय का, हे तपासायचं कसं?

माची_सातारा

ताई, तुमची पाचही वाक्यं मराठीत मनातल्या मनात म्हणून बघा. एकही चुकीचं नाही. ‘पाच वर्षांपासून’, ‘माझ्यावर रागावले’, ‘साताऱ्याला पोचलो’, ‘जरी… तरी’, ‘मी येत नाही तोपर्यंत’. मुलं इंग्रजी शब्द वापरून मराठी बोलतायत, म्हणून इंग्रजी यादी कितीही घोकली तरी उपयोग होत नाही. यादी मराठी प्रत्ययांची करा आणि एकेका प्रत्ययासमोर इंग्रजीत काय काय येतं ते मांडा. मुलाच्या डोक्यात आधी प्रत्ययच येतो, तर तिथूनच निघालेलं बरं.

‘ला’ घ्या. फळ्यावर चार वाक्यं:

मी साताऱ्याला जातो: आय गो टू सातारा.
मी साताऱ्याला राहतो: आय लिव्ह इन सातारा.
मी साताऱ्याला निघालो: आय लेफ्ट फॉर सातारा.
मी साताऱ्याला पोचलो: आय रीच्ड सातारा.

गाव तेच, प्रत्यय तोच, पण एकदा टू, एकदा इन, एकदा फॉर आणि शेवटी काहीच नाही. प्रेपोझिशन ठरवलं ते क्रियापदाने, गावाने नव्हे. एवढं एक मुलांच्या गळी उतरलं की पुढचा निम्मा रस्ता सोपा. तिसऱ्या वाक्यातला ‘फॉर’ गाळला, तर ‘आय लेफ्ट सातारा’ म्हणजे ‘मी सातारा सोडला’, अगदी उलट दिशा. हे आवर्जून दाखवा, मुलं विसरत नाहीत.

मग ‘ने’. रामाने: बाय राम. सुरीने: विथ अ नाइफ. बसने: बाय बस. वेगाने: ॲट स्पीड. वीस रुपये किलोने: ॲट ट्वेंटी रुपीज अ किलो. करणारा असेल तर बाय, हातातलं हत्यार असेल तर विथ, भाव आणि वेग असेल तर ॲट. वाहनाला बाय लागतं, पण वाहनाआधी ‘माय’, ‘द’, ‘अ’ आलं की बाय जातं. ‘बाय कार’ बरोबर, ‘बाय माय कार’ चूक, तिथे ‘इन माय कार’.

‘पासून’ला एकच प्रश्न विचारायचा: पुढे कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येईल अशी जागा आहे की लांबी आहे? ‘सोमवारपासून’ ही जागा, तिथे सिन्स. ‘तीन दिवसांपासून’ ही लांबी, तिथे फॉर. आणि दोन्हींबरोबर ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’. तुमच्या पहिल्या वाक्यात म्हणून दोन चुका आहेत. सिन्सचं फॉर केलं आणि ‘ॲम लिव्हिंग’ तसंच ठेवलं तर अर्धीच दुरुस्ती होते. ‘उद्यापासून’ आलं तर सिन्स नाहीच, फ्रॉम.

‘पर्यंत’ला दुसरा प्रश्न: काम तोवर चालू राहणार आहे, की तेवढ्या मुदतीत एकदा होऊन संपणार आहे? ‘सोमवारपर्यंत थांब’: टिल मंडे. ‘सोमवारपर्यंत वही दे’: बाय मंडे. मुलं दोन्हीकडे टिल लिहितात. गावापर्यंत जायचं असेल तर टिल नको, ‘ॲज फार ॲज कराड’.

‘वर’ सगळ्यात शेवटी घ्या, कारण तो निम्म्या वेळा बरोबर निघतो आणि म्हणूनच फसवतो. टेबलावर, भिंतीवर, फोनवर, वेळेवर, सगळीकडे ऑन चालतं. पण डोक्यावरचा पंखा ओव्हर किंवा अबव्ह, कारण टेकलेला नाही. स्टेशनवर ॲट. झाडावरचा पक्षी इन द ट्री. आणि मनातल्या भावना आल्या की ऑनचा भरवसा धरू नका: माणसावर रागावणं अँग्री विथ, एखाद्या गोष्टीवर रागावणं अँग्री अबाउट, देवावर विश्वास फेथ इन गॉड.

मिरज_जंक्शन

लहान गाव-मोठं गाव हा नियम सोडून द्या. जुन्या व्याकरणात तो होता, आज तो मुलांना अडचणीतच आणतो. आमचं मिरज लहान की मोठं हे कुणी ठरवायचं?

‘महालक्ष्मी एक्सप्रेस स्टॉप्स ॲट मिरज.’ ‘माय आन्ट लिव्ह्ज इन मिरज.’ दोन्ही बरोबर, गाव एकच. गाडीच्या दृष्टीने मिरज हा मार्गावरचा एक ठिपका आहे, आत्याच्या दृष्टीने ती चारी बाजूंनी वस्ती आहे. ठिपका समजून बोललात की ॲट, आत असणं अभिप्रेत असेल की इन. दहा घरांची वाडी असली तरी तिथे राहणारा ‘इन अ स्मॉल व्हिलेज’च राहतो. रेषा किंवा पृष्ठभाग असेल तर ऑन, म्हणून ‘सांगली इज ऑन द कृष्णा’, नदी ही रेषा.

वेळेचंही तसंच. ठिपका ॲट, दिवस ऑन, दिवसापेक्षा मोठं काहीही असेल किंवा सकाळसारखा दिवसाचा भाग असेल तर इन. यासाठी कोयनेच्या भूकंपाचं वाक्य फळ्यावर कायम लिहून ठेवा: ‘द अर्थक्वेक स्ट्रक कोयनानगर ॲट ४.२१ इन द मॉर्निंग ऑन ११ डिसेंबर १९६७.’ तिन्ही एका ओळीत आले. शिवाय स्ट्रकपुढे काही नाही, तेही दाखवता येतं. मग तारीख पुसून नुसतं १९६७ ठेवा आणि विचारा, आता काय? मुलं ‘इन १९६७’ म्हणायला लागली की समजलं.

ऑनमधला सगळ्यात नडणारा भाग: ‘सकाळी’ इन द मॉर्निंग, पण ‘सोमवारी सकाळी’ ऑन मंडे मॉर्निंग. दिवसाचं नाव जोडलं की ऑन जिंकतो. ‘रात्री’ मात्र ॲट नाइट, त्याला कारण विचारू नका, तसं पाठच करायचं. आणि ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ आलं की त्याआधीचं प्रेपोझिशन गळतं. ‘ऑन लास्ट संडे’ ही चूक पेपरात हमखास सापडते.

वाहनात बसण्याबद्दल: आत उभं राहून दोन पावलं चालता येत असेल तर ऑन. बस, रेल्वे, विमान. वडापच्या जीपमध्ये, रिक्षात, कारमध्ये इन. मोटरसायकल, सायकल अर्थातच ऑन.

कराड_संगम

वरच्या दोघांनी स्थिर जागा आणि वेळ चांगली मांडली आहे. हालचालीची प्रेपोझिशनं राहिली. त्याला नकाशा पुरतो. मुलांना पेन्सिल घेऊन कृष्णेवरून बोट फिरवायला सांगा आणि बोलायला लावा:

‘द कृष्णा राइझेस ॲट महाबळेश्वर, फ्लोज पास्ट वाई, मीट्स द कोयना ॲट कराड, रन्स थ्रू सांगली डिस्ट्रिक्ट, क्रॉसेस इन्टू कर्नाटक अँड फायनली फ्लोज इन्टू द बे ऑफ बेंगॉल.’

पास्ट आणि थ्रूमधला फरक शब्दात सांगताना दमछाक होते, नकाशावर लगेच दिसतो: कडेने गेली की पास्ट, आतून गेली की थ्रू. धरण नदीच्या आडवं, म्हणून ‘द डॅम अक्रॉस द कोयना’. सांगलीचा आयर्विन पूल वरून जातो, ‘द ब्रिज ओव्हर द कृष्णा’. पुलालाही अक्रॉस चालतं, धरणाला ओव्हर चालत नाही.

इथेच ‘मीट्स द कोयना’कडे लक्ष वेधा. मराठीत कोयना कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, त्यामुळे मुलं ‘जॉइन्स टू द कृष्णा’, ‘मीट्स विथ’ असं लिहिणारच. ज्या क्रियापदांपुढे काही लागत नाही त्यांची वेगळी वही करा. आठवी-नववीला एवढी पुरेत: रीच, एन्टर, डिस्कस, मॅरी, जॉइन, मीट, ॲन्सर, अप्रोच, रिझेम्बल, ऑर्डर, रिक्वेस्ट. ‘डिस्कस अबाउट’ तर मोठी माणसं मीटिंगमध्ये रोज बोलतात. गंमत अशी की नाम झालं की प्रेपोझिशन परत येतं. ‘वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम’, पण ‘अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’. ‘ॲन्सर द क्वेश्चन’, पण ‘द ॲन्सर टू द क्वेश्चन’. हे जोडीनेच शिकवा, नाहीतर मुलं ‘ॲन्सरपुढे टू कधीच नाही’ असा नवीन गैरसमज करून घेतात.

आणि दोघांत बिटवीन, जास्तीत अमंग, हेही अर्धवट आहे. कृष्णेच्या पाण्याचा तंटा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र अशा तिघांत चालला, तरी ‘बिटवीन महाराष्ट्र, कर्नाटक अँड आंध्र प्रदेश’च. नावं वेगवेगळी घेतली की बिटवीन. घोळका म्हणून बोललात की अमंग.

विश्रामबाग_शिकवणी

सगळ्यांचेच आभार. ‘ला’ची चार वाक्यं आणि भूकंपाचं वाक्य उद्याच घेते. कंजंक्शनचं मात्र मला अजून अवघड वाटतंय. ऑल्दोबरोबर बट नको, असं सांगितलं की मुलं विचारतात, मग ‘तरी’चं काय झालं?

हळदपेठ

‘तरी’ला इंग्रजीत जागा नाही, असं सरळ सांगायचं. मराठी दोन्ही टोकांना खुंटी मारते: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, जसं-तसं. दोन उपवाक्यं जोडायला इंग्रजीला एक खुंटी पुरते. म्हणून ऑल्दो घेतला तर बट नाही, बट घेतला तर ऑल्दो नाही. बिकॉज घेतला तर सो नाही. व्हेन घेतलं तर देन नाही. मुलांना वाक्यातल्या जोडणाऱ्या शब्दाला गोल करायला लावा. दोन उपवाक्यांत दोन गोल दिसले की एक खोडायचा. अपवाद ज्यांच्या जोड्याच आहेत त्यांचा: आयदर-ऑर, नायदर-नॉर, बोथ-अँड, नॉट ओन्ली-बट ऑल्सो. इफबरोबर देन कधी कधी चालतं, पण शाळेपुरतं गाळलेलंच बरं.

तुमचं पाचवं वाक्य: ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’. मराठीतला ‘नाही’ अनटिलच्या पोटात आधीच आहे. ‘वेट हिअर अनटिल आय कम.’ अनलेसचंही तेच. ‘अनलेस यू डोंट स्टडी’ म्हणजे अर्थच उलटतो. वेळेच्या आणि अटीच्या कंजंक्शनपुढे विल येत नाही, हेही त्याच दिवशी उरकून टाका. ‘तो येईल तेव्हा सांगेन’: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल यू.’ मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ असतो, म्हणून मुलं ‘व्हेन ही विल कम’ लिहितात.

आता खरी गोची. बिफोर, आफ्टर, सिन्स, टिल, हे शब्द प्रेपोझिशनच्या यादीतही आहेत आणि कंजंक्शनच्याही. परीक्षेत ‘अंडरलाइन केलेल्या शब्दाचा प्रकार सांगा’ आला की मुलं पाठ केलेल्या यादीवरून उत्तर देतात आणि चुकतात. शब्दाकडे बघायचंच नाही, त्याच्या उजवीकडे बघायचं. उजवीकडे कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतील तर कंजंक्शन, नुसतं नाम किंवा आयएनजीचं रूप असेल तर प्रेपोझिशन. ‘आफ्टर द रेन’ प्रेपोझिशन, ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड’ कंजंक्शन.

ह्याच कसोटीवर जोड्या लावून द्या. मराठी ‘पावसामुळे’: बिकॉज ऑफ द रेन. ‘पाऊस पडला म्हणून’: बिकॉज इट रेन्ड. ‘आजारी असूनही’: इन स्पाइट ऑफ हिज इलनेस. ‘जरी तो आजारी होता’: ऑल्दो ही वॉज इल. डिस्पाइटला ऑफ लागत नाही, इन स्पाइटला लागतं. दोघांची सरमिसळ होऊन ‘डिस्पाइट ऑफ’ तयार होतं. वाक्यरूपांतराच्या प्रश्नात हे नेहमी येतं, म्हणून इथे दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

‘की’ हा एक स्वतंत्र दिवस मागतो बगा. ‘तो म्हणाला की’ इथे दॅट. ‘चहा की कॉफी’ इथे ऑर. ‘तो येईल की नाही’ इथे व्हेदर. ‘घंटा झाली की निघ’ इथे ॲज सून ॲज. आणि ‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस’ इथे काहीच नाही: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.’ मुलं ‘आस्क्ड दॅट व्हेअर’ लिहितात. प्रश्नवाचक शब्द स्वतःच जोडतो, दॅटची गरज उरत नाही.

पेपरापुरत्या आणखी दोन गोष्टी. नो सूनरनंतर दॅन, कारण सूनर हे तुलनेचं रूप आहे, हार्डलीनंतर व्हेन. कारण कळलं की ‘नो सूनर… देन’ बंद होतं. दुसरं, नायदर-नॉरमध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे: ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.’ ‘ॲज वेल ॲज’मध्ये मात्र पहिल्या कर्त्याप्रमाणे.

हाउएव्हर आणि देअरफोर कंजंक्शनच्या यादीत घालू नका. ती क्रियाविशेषणं आहेत. नुसता स्वल्पविराम देऊन त्यांनी दोन वाक्यं जोडली की चूक. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा.

माची_सातारा

वेळेचं विचारलं होतं ते राहिलं. चोवीस दिवसांपैकी तेरा प्रेपोझिशनला, नऊ कंजंक्शनला, एक इंटरजेक्शनला, एक उजळणीला. इंटरजेक्शनला एवढंच पुरे; मराठीत अरेरे, शाब्बास, अबब, छे म्हणणाऱ्या मुलाला केवलप्रयोगी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ओह, वॉव, आउच, ऊप्स, हश, हुर्रे, ब्राव्हो, अलास. अलास लिहिण्यात येतं, बोलण्यात कुणी वापरत नाही, हे सांगा, नाहीतर पेन हरवलं तरी पोरं अलास म्हणत बसतील. जोराचा उद्गार असेल तर उद्गारचिन्ह आणि पुढचं अक्षर मोठं. सौम्य असेल तर स्वल्पविराम, ‘ओह, आय सी.’ ‘व्हॉट अ लव्हली व्ह्यू’ हे उद्गारार्थी वाक्य आहे, इंटरजेक्शन नव्हे. इनडायरेक्ट स्पीचमध्ये इंटरजेक्शन गळतं आणि त्याच्या जागी भावना येते: हुर्रेचं ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय दॅट’, अलासचं ‘एक्स्क्लेम्ड विथ सॉरो दॅट’. आणि ‘अहो’ म्हणून हाक मारायची असेल तर ‘हे’ नको, मोठ्यांना ते उद्धट वाटतं. ‘एक्सक्यूज मी’.

तपासण्याबद्दल: गाळलेल्या जागा द्या, पण कंसात पर्याय देऊ नका. दहातल्या निदान तीन जागा अशा ठेवा की तिथे काहीच लागत नाही; मुलाने तिथे फुली मारायची. फुली नसलेल्या चाचणीत मूल प्रत्येक जागी काहीतरी भरतं आणि ‘रीच्ड टू’ तसंच पक्कं होतं. चुकलेलं वाक्य फळ्यावर लिहिलंत तर तास संपायच्या आत पुसा. शेवटी नजरेसमोर राहील ते बरोबरचंच हवं. रोज आठ जोड्या पुरेत, गुड ॲट, अफ्रेड ऑफ, फॉण्ड ऑफ, मॅरीड टू, सीनिअर टू अशा, शब्द सुटे नाहीत, जोडीनेच. शनिवारी त्या आठवड्याच्या जोड्यांवर मराठी वाक्यं द्या आणि इंग्रजी तोंडी घ्या. लिहिताना मूल यादी आठवतं, बोलताना जे येतं तेच खरं आलेलं असतं.

विश्रामबाग_शिकवणी

एक शेवटचं. मुलांच्या गाइडमध्ये बट प्रेपोझिशनच्या यादीत छापलाय. छपाईची चूक समजू का?

हळदपेठ

नाही ताई, बरोबर आहे. ‘एव्हरीवन बट हिम पास्ड.’ बटचा अर्थ ‘पण’ न होता ‘शिवाय’ किंवा ‘सोडून’ होतो तिथे ते प्रेपोझिशन, म्हणून पुढे ही नाही, हिम आलं. उजवीकडे बघायची कसोटी इथेही लागू पडते: पासचा कर्ता एव्हरीवन आहे, बटच्या वाट्याला नुसतं हिम उरतं. नववीला हे एका उदाहरणात संपवा, पेपरात फार तर एका मार्काला येतं.